काम नंबर सात

इंदूर,
बुधवार, २३ जून १९५४

चि. सुमन,

अक्षरावरून पत्र कोणाचं ते ओळखलं असशील. फाडायचं असेल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड.

इथे आम्ही ठीक आहोत. जनाआत्याचे गुडघे सोडले तर घरात कुरकुर करायला दुसरं काही नाही. तुला दिवस गेल्याचं तिला होळीपासून माहीत होतं आणि मला तिने ते काल सांगितलं. माझी सख्खी बहीण, माझ्याच घरात राहते, आणि तीन महिने मला वाढताना चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. अशी माणसं दरबारात असती तर होळकरांचं राज्य अजून चाललं असतं.

नागपंचमीच्या सुमारास बाळंतपण आहे म्हणे, आणि त्यासाठी तू रूपाखेडीहून अजनोटीच्या सरकारी प्रसूती केंद्रात जाणार आहेस. हे पत्र त्यासाठीच आहे. अजनोटीला जाऊ नकोस. इंदूरला घरी ये. लग्नाच्या वेळी जे झालं ते झालं, त्यावर मला आता बोलायचं नाही आणि तूही बोलू नकोस.

हे मी सांगावं याचं तुला हसू येईल. केंद्र आमच्याच खात्याचं, आणि त्या खात्याच्या मंत्र्यांच्या कचेरीत मी बडे बाबू. पण तू गेल्यापासून ही कचेरी पूर्वीची राहिलेली नाही. आमचे नवे मंत्री शरच्चंद्रजी पेशाने वकील, बेचाळीसमध्ये जेलात जाऊन आलेले. गेल्या साली एप्रिलमध्ये त्यांनी स्वतःच्या हाताने बारा कामं एका कागदावर लिहिली, प्रत्येकापुढे तारीख टाकली, खाली सही केली आणि तो कागद कचेरीच्या फाटकाशी भिंतीवर डकवला. मला म्हणाले, "दौलतरावजी, चपराशाला आपण काम सांगतो आणि नाही झालं तर विचारतो. मंत्र्याला कोणीच विचारत नाही. ये कैसे चलेगा?" वर्ष झालं की जाहीर सभा भरवायची, बाराही कामं वाचून दाखवायची आणि लोकांनी हवं ते विचारायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. सव्वीस वर्षं मी हुजूर कचेरीत काढली, पण राजाने स्वतःची हजेरी प्रजेला घ्यायला लावली असं कधी ऐकलं नव्हतं.

ती सभा तेरा तारखेला कृष्णपुऱ्याला, होळकरांच्या छत्र्यांपुढच्या मोकळ्या जागेत झाली. मंत्रीजींनी एकेक काम वाचलं. काम नंबर सात म्हणजे अजनोटीला केंद्र बांधणे आणि तिथे नर्स नेमणे. तेही वाचलं. शेवटी म्हणाले, यातलं एक जरी खोटं निघालं तर मी खुर्ची सोडीन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या खुर्चीत कागद घेऊन बसलो होतो. विशेष काही घडलं नाही.

तर इंदूरला ये. नवी इमारत आहे, भिंती ओल्या असतील, पहिलटकरणीने अशा ठिकाणी जाऊ नये. एवढंच कारण आहे, दुसरं काही शोधत बसू नकोस.

तुझा
आबा


इंदूर,
शुक्रवार, २ जुलै १९५४

चि. सुमन,

पत्र परत आलं. पाकिटावर 'घेण्यास नकार' असं तुझ्या हाताने लिहिलेलं होतं. लग्नानंतर तुझी दोन पत्रं मी अशीच परत केली होती आणि त्यांवर हेच शब्द लिहिले होते, तेव्हा मला बोलायला तोंड नाही. हे रजिस्टर करून पाठवतो आहे.

काल मी तुझ्या अंगणात येऊन गेलो. तू आत होतीस. पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला. हातोदपर्यंत बस मिळाली, पुढे बैलगाडी, आणि काळ्या मातीत चाक रुतलं तिथून चिखल तुडवत पायी. या वयात माझी अशी शोभा व्हायची होती.

रामेश्वरजींना मी पहिल्यांदाच पाहिलं. पहिल्यांदा असं वाटलं, पण समोर बसल्यावर तो दोऱ्याने बांधलेला चष्मा आधी कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. त्यांनी खाट टाकली, लोट्यात पाणी आणून दिलं, आणि मी त्यांच्या लग्नाला का आलो नव्हतो याची जराही आठवण करून दिली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"बाबूजी, वो बाहर नहीं आएगी," ते म्हणाले. "मैंने बहुत समझाया. म्हणते, त्या घराचा उंबरा चढणार नाही."

त्यांना मराठी येतं हे मला ठाऊक नव्हतं. तू शिकवलंस वाटतं.

"तिला इंदूरला घेऊन या," मी म्हणालो. "अजनोटी नको."

"क्यों?"

"रस्ता खराब आहे."

"अजनोटी दो कोस है, इंदौर नौ कोस. तो ज्यादा खराब कौनसा हुआ?" ते हसले. मास्तर माणूस, हिशेबात कसा चुकेल. मग म्हणाले, "और बाबूजी, ते केंद्र सुरू झालं हे तुमच्याच मंत्रीजींनी सांगितलं ना. मैं खुद सभा में था. परसों जाके देख भी आया. पक्की इमारत है, बोर्ड लगा है. चौकीदार बोला, नर्सबाई एक-दो दिन में आ जाएगी."

गावची दाई कुठे आहे, असं मी विचारलं. ते म्हणाले, "गंगूबाई? वो तो बेटी के पास उज्जैन चली गई. गाववाल्यांनीच सांगितलं, अब सरकार की नर्स आ रही है, तुम आराम करो. हाथ भी कांपते थे बेचारी के."

त्यानंतर ते आणखी काही बोलले. ते मी इथे लिहीत नाही. मी पाणी तसंच ठेवलं आणि उठलो.

परवा संध्याकाळी ग्रहण लागलं तेव्हा आत्या देवापुढे तुझ्या नावाने बसून होती. तू विळीला हात लावला नसशील ना, हा तिचा एकच घोर. मी असलं काही मानत नाही. पण ग्रहण सुटेपर्यंत मीही लेखणी उचलली नाही.

सुमन, इंदूरला ये. आता मी रागाने म्हणत नाही.

तुझा
आबा


इंदूर,
बुधवार, ७ जुलै १९५४

चि. सौ. सुमन,

रजिस्टर पत्रही परत आलं. हे पत्र हातोदच्या बसच्या कंडक्टरकडे देतो आहे. हातात देऊनच ये, असं त्याला बजावणार आहे.

आता खरं लिहितो. अजनोटीला नर्स नाही. कधी नव्हतीच. इमारत आहे, बोर्ड आहे, चौकीदार आहे, आत लोखंडी खाटसुद्धा आहे. नर्स फक्त माझ्या कागदावर आहे.

कसं झालं ते ऐक. हुजूर कचेरीत आमची एक रीत होती. हुकूम मोहोर होऊन बाहेर पडला की त्याच दिवशी रजिस्टरात त्याच्यापुढे 'तामील झाली' असं लिहायचं. हुकूम निघाला म्हणजे काम झालंच, कारण हुजूरचा हुकूम मोडायची छाती कोणाची? 'अजून झालं नाही' असं लिहिणं म्हणजे हुजूरचा अपमान. माझ्या वडिलांनी असंच लिहिलं आणि मीही सव्वीस वर्षं तसंच लिहिलं. काम खरोखर झालं का हे बघायला कोणी गेलं नाही आणि ते रजिस्टर चारचौघांत कोणी वाचलंही नाही. मे महिन्यात मंत्रीजींनी बारा कामांचा तक्ता मागितला. सातव्या कामाचे कागद काढले, तर इमारत उभी होती आणि नर्सच्या नेमणुकीचा हुकूम अठ्ठावीस मार्चला गेला होता. मी 'पूर्ण' असं लिहिलं आणि आठव्या कामाकडे वळलो. हाताला सवय होती. यात माझा एकट्याचा काय दोष? नव्या राज्याने जुन्या माणसांना नवी रीत शिकवायला नको?

सोमवारी मी त्या नर्सला शोधून काढलं. द्वारकाबाई तिचं नाव, कृष्णपुऱ्याच्या मागे एका खोलीत राहते. विधवा आहे, पदरी नऊ वर्षांची मुलगी. मी कोण आहे हे कळताच तिने मला बसायलाही सांगितलं नाही.

"मी एप्रिलमध्येच अर्जी दिली होती, बाबूजी," ती म्हणाली. "वहां रहने को कोठरी नहीं है. रात को जवान औरत, साथ में बच्ची, सोएगी कहां? चौकीदाराच्या ओसरीवर? जवाबच नाही आला."

"आता चला. मी सोय करतो."

"आधी कोठरी दाखवा," ती म्हणाली. "कागज नहीं, कोठरी."

कचेरीत येऊन मी तिची अर्जी शोधली. ती माझ्याच टेबलात, गठ्ठ्याच्या तळाशी होती, आणि कोपऱ्यात माझ्याच हातचं 'पाहिले' लिहिलेलं होतं. खाली माझी सही आणि तारीख. कोठरीसाठी आता नवा कागद केला आहे. तो बांधकामवाल्यांकडून फिरून यायला कमीत कमी सहा आठवडे लागतील. तुझ्याकडे चार आहेत.

मला भीती वाटते. मंत्रीजींच्या खोलीतली घंटी वाजली की सातव्या कामाचंच बोलावणं आलं असं वाटतं, आणि ती दिवसातून तीस वेळा वाजते. फाटकातून आत येताना मी भिंतीवरच्या त्या कागदाकडे बघत नाही. लोक तिथे उभे राहून वाचत असतात. एक जण बोटाने ओळ लावून वाचत होता, त्याचं बोट सातव्या ओळीवर पोहोचण्याआधी मी आत पळालो. आणि या सगळ्या भीतीच्या खाली दुसरी एक भीती आहे, तिच्याबद्दल मी लिहू शकत नाही. तुला अजनोटीला नेतील, पाऊस असेल, केंद्राला कुलूप असेल, आणि बैलगाडीत तू असशील.

वाचून झालं की हे पत्र जाळून टाक. रामेश्वरजींना दाखवू नकोस. ते इथल्या एका साप्ताहिकाला बातम्या पाठवतात हे मला माहीत आहे. हा कागद छापून आला तर मंत्रीजींची खुर्ची जाईल, आणि माझी नोकरी जाईल, तीही निवृत्तीला सोळा महिने उरले असताना. त्यांना एवढंच सांग, आबांनी बोलावलं म्हणून इंदूरला जाऊ.

तुझा
आबा


इंदूर,
रविवार, ११ जुलै १९५४

चि. सौ. सुमन,

कंडक्टरने पत्र परत आणून दिलं. "बाई ने लिया नहीं, भिया," म्हणाला. "मास्टरजी स्कूल में थे. मी दोन वेळा म्हणालो, ले लो, बुजुर्ग आदमी है. दार लावून घेतलं."

बरं झालं म्हणायचं. त्या पत्रातही मी सगळं खरं लिहिलं नव्हतं. हे पत्र मी टपालात टाकणार नाही, तेव्हा यात लपवण्याचं काही कारण उरलेलं नाही.

त्या सभेत विशेष काही घडलं नाही असं मी तुला लिहिलं होतं. घडलं होतं ते असं. मंत्रीजींनी सातवं काम वाचलं, पुढे 'पूर्ण' म्हणाले, आणि गर्दीतून एक जण उठला. उंच, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा. त्याने विचारलं, "मंत्रीजी, अजनोटी में नर्स पहुंच गई क्या? आपने देखा है?"

मंत्रीजी म्हणाले, "मैंने नहीं देखा. ज्यांनी पाहून लिहिलं ते इथेच बसले आहेत." आणि ते माझ्याकडे वळले. त्यांच्याबरोबर सगळी सभा वळली.

सुमन, त्या क्षणी मला सगळं आठवत होतं. नर्स कामावर हजर झाल्याचा कागद माझ्या टेबलावर आलेला नाही, हे आठवत होतं. द्वारकाबाईची अर्जी आठवत होती, तिच्यावरचा चहाचा डागसुद्धा आठवत होता. तोंड उघडून 'अजून नाही' एवढंच म्हणायचं होतं. मंत्रीजी रागावले नसते, हे आज कळतं. कदाचित तिथेच म्हणाले असते, बारापैकी अकरा झाली, एक राहिलं. पण हजारभर माणसं बघत होती. मी 'हो' म्हणून मान हलवली. दोनदा हलवली.

तेव्हा रिवाजाचं जे मी लिहिलं ते अर्धंच खरं. तक्त्यात 'पूर्ण' लिहिलं ते सवयीने. मान मी घाबरून हलवली, आणि खोटं आहे हे ठाऊक असताना हलवली.

रामेश्वरजी मला अंगणात शेवटी काय बोलले, तेही आता लिहितो. म्हणाले, "मंत्रियों पर तो मैं भरोसा नहीं करता, बाबूजी. पर आपने गर्दन हिलाई, तब तसल्ली हुई. सुमन के पास आपका फोटू है ना, मैंने पहचान लिया. घरी येऊन तिला म्हणालो, तुझ्या आबांनी सांगितलं, तर पक्कं आहे." आणि हे ऐकून तू म्हणे दुसऱ्या दिवसापासून बाळंतविडा बांधायला लागलीस.

माझं एकही पत्र न उघडणारी तू, माझ्या मान हलवण्यावर भरवसा ठेवून अजनोटीला निघाली आहेस. हे मला सहन होत नाही.

काल मी फाईल घेऊन तीन वेळा मंत्रीजींच्या दारापर्यंत गेलो. तिसऱ्यांदा त्यांनीच आत बोलावलं. पुढच्या सालचा कागद लिहीत होते. खुशीत होते. "दौलतरावजी, गेल्या साली बारा कामं लिहिली आणि बाराही झाली. यंदा पंधरा लिहू?" मी काय म्हणालो असेन? "पंधरा लिहा," म्हणालो, आणि फाईल काखेत तशीच घेऊन बाहेर आलो. बाहेर येऊन चपराशाच्या स्टुलावर बसलो. त्याने मला पाणी दिलं आणि विचारलं, "बाबूजी, तबियत ठीक नहीं क्या?" या राज्यात जो तो मला पाणी पाजतो आहे.

तुझी आई गेली तेव्हा मी कचेरीत होतो, हे तुला ठाऊक आहे. तू सहा वर्षांची होतीस. मी घरी आलो तेव्हा चुलीवरच्या हंड्यातलं पाणी उकळून आटलं होतं आणि हंडा करपल्याचा वास सगळ्या घरात होता. दाई दाराशी बसून रडत होती. डॉक्टरीण बोलवायला माणूस पाठवला होता, पण कोणाला पाठवलं आणि तो गेला की नाही, हे कोणालाच सांगता येईना. जो तो म्हणत होता, सांगितलंय, सांगितलंय. भानुमती गेली आणि बाळही गेलं. मी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं, आणि तरी पुढची अठरा वर्षं रजिस्टरात 'तामील झाली' लिहीत राहिलो. मी कसा माणूस आहे ते तूच सांग.

आज सकाळी जनाआत्याला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले. मला वाटलं, आता बोल लावेल. तिने विचारलं, "लिहिलंस का तिला?"

"तीनदा लिहिलं. ती घेत नाही."

"पाकिटात घातलंस?"

"मग कशात घालणार?"

"पाकिटात कशाला घालतोस, दादा?" ती म्हणाली. "कार्ड लिही. मला वाचता येत नाही, माझी कार्डं शेजारची कमल जिन्यात उभी राहून वाचते. मला कळायच्या आधी सगळ्या गल्लीला कळतं. तुझंही कळू दे."

मी म्हणालो, जने, पोस्टमन वाचेल. हातोदचा पोस्टमास्तर वाचेल. रामेश्वरजी वाचतील आणि छापून आणतील. ती म्हणाली, "पोरगी जगली म्हणजे झालं. मग तुझी काय ती बदनामी आपण दोघं मिळून भोगू." आणि करपायला आलेली भाकरी तिने उलटली.

दुपारपासून मी कार्डं लिहितो आहे. पाच हिंदीत आहेत. एक अजनोटीच्या पटेलाला, त्याने चौकीदाराकडून बोर्ड उतरवून घ्यावा म्हणून. एक हातोदच्या पोस्टमास्तरला, एक उज्जैनला गंगूबाईच्या मुलीच्या पत्त्यावर, एक रामेश्वरजींच्या शाळेत, एक त्यांच्या साप्ताहिकाला. सहावं मराठीत, मंत्रीजींच्या नावाचं. ते टपालात टाकणार नाही. उद्या सकाळी त्यांच्या हातात देईन, ते वाचून होईपर्यंत समोर उभा राहीन, आणि मग फाटकाशी जाऊन भिंतीवरच्या कागदावर सातव्या ओळीपुढे 'नाही' असं लिहून खाली सही करीन. उद्या पाय तिथवर नेतील की नाही, सांगता येत नाही. पण कार्डं मी मंत्रीजींकडे जायच्या आधी पेटीत टाकणार आहे, म्हणजे मग मला मागे फिरायला जागाच राहणार नाही. मी स्वतःला चांगला ओळखतो.

सातवं कार्ड तुझं. ते अजून लिहायचं आहे.

आबा


पोस्टकार्ड
इंदूर, सोमवार, १२ जुलै १९५४
मुक्काम रूपाखेडी, पोस्ट हातोद

चि. सौ. सुमन,

हे कार्ड ज्याच्या हाती पडेल त्याने आधी वाचावं आणि सुमनने घेतलं नाही तर तिच्या दारात उभं राहून मोठ्याने वाचावं, ही विनंती.

अजनोटीच्या केंद्रात नर्स नाही. ती कधी आलीच नाही. सभेत मंत्रीजी जे बोलले ते माझ्या कागदावरून बोलले, त्यांना माहीत नव्हतं. रामेश्वरजींनी विचारल्यावर मी मान हलवली ती खोटी होती. मी घाबरलो होतो. यात दोष माझा, दौलतराव मुळीक, बडे बाबू, याचा आहे.

गंगूबाईही गावात नाही. म्हणजे तिथे तुझ्यासाठी कोणीच नाही. पाऊस वाढायच्या आत इंदूरच्या मोठ्या इस्पितळात ये. माझ्या घरी येऊ नकोस. आत्या इस्पितळात तुझ्याजवळ राहील, आणि तू बोलावल्याशिवाय मी तिथल्या फाटकाच्या आत येणार नाही.

मी सांगतो म्हणून निघू नकोस. रामेश्वरजींना अजनोटीला पाठव. त्यांनी चौकीदाराला विचारावं, तू नर्सला स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिलंस का. तो काय म्हणतो ते ऐक आणि मग निघ.

आबा